जुन्या वाड्याची पातळ वीट

प्रश्न : वाईतला आमचा जुना वाडा दुरुस्तीला काढलाय. त्यातल्या विटा इतक्या पातळ कशा? नव्या कोणत्या घेऊ?

उत्तर : पातळ वीट आतपर्यंत सारखी भाजते. आजची 9 इंच लांब, जाड वीट इंग्रजी अमदानीत रुळली. आमची भट्टी कराडजवळ, कृष्णाकाठी. दिवाळीनंतर मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या मातीत राख, उसाचा भुसा कालवायचा, थापायचं. वळवाच्या आत भट्टी उतरवायची. एक सर आली की कच्च्या विटांचा चिखल! हल्ली गिऱ्हाईक सिमेंटच्या सच्छिद्र (एएसी) ब्लॉककडे वळलंय. हलके असतात, खोटं कशाला बोलू? पण वाड्याला वीटच घ्या. कोरडी वीट वजन करून 24 तास पाण्यात बुडवा. वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढलं तर गाडी परत पाठवा. आणि चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरू नका, ओल आतच कोंडते.