जुनी पिन खिशात घालून दुकानात जा

वाचकांचे प्रश्न : जुन्या सायकली

प्रश्न : घरी आजोबांची काळी रॅले आहे, २४ इंची फ्रेमची. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, सगळ्या पाळ्या त्यांनी याच सायकलवर केल्या. आता पायडल मारताना दर फेऱ्याला 'कट' असा आवाज येतो आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हलतो. चौकातला कारागीर म्हणतो, "याचं सामान येत नाही आता, कबाडीत देऊन टाका." इंटरनेटवर विचारलं तर अख्ख्या नव्या सायकलीचे पैसे सांगतात. काकाजी, परवडेल असं सामान नागपुरात मिळतं का?
– एक वाचक, महाल

उत्तर : मिळतं, भाऊ. कबाडीत देऊ नका.

मिलचा भोंगा झाला की गांधीसागरच्या काठानं सायकलींची रांग निघायची, ती मी लहानपणी पाहिली आहे. त्यातली एक तुमच्या घरात अजून उभी आहे, हे वाचून फार बरं वाटलं.

"सामान येत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "माझ्या दुकानात नाही" इतकाच असतो. काळ्या दांडीच्या सायकलीचा साचा पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदललेला नाही. दूधवाले, पाववाले, रात्रीचे चौकीदार अजून तीच चालवतात. त्यांच्यासाठी लुधियानात हे सामान आजही बनतं आणि त्यांना झेपेल अशाच भावात विकलं जातं. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला तेव्हा किती जणांनी मला काळजीनं विचारलं, आता आमच्या सायकलीचं कसं? काही अडलं नाही. अ‍ॅटलसला लागणारी कॉटर पिन, म्हणजे क्रँकला एक्सलवर घट्ट धरणारी खिळी, हीरोला चालते, हर्क्युलिसलाही चालते. म्हणून दुकानात 'अँटिक' किंवा 'व्हिंटेज' हे शब्द तोंडातून काढू नका. "दूधवाल्याच्या सायकलीला लागते ती द्या" म्हणा. भाव तिथेच खाली येतो.

आता आवाजाचं. क्रँक हलतो म्हणून सगळा सेट गेला असं समजू नका. डावा क्रँक एका हातानं घट्ट धरा आणि उजवा हलवून पाहा. एक स्थिर राहून दुसरा हलला तर दोष कॉटर पिनचा. दोन्ही मिळून आडवे सरकत असतील तर आतला बी.बी. एक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा आडवा दांडा), छर्रे किंवा ते ज्यात फिरतात त्या वाट्या. तुमच्या वर्णनावरून मला पिनच वाटते. जोडी शंभराच्या आत येते.

पिन काढताना मात्र घाई नको. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी बरोबरीत येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. क्रँकच्या खाली, पिनचं डोकं मोकळं राहील असा, जमिनीवर टेकलेला जाड पाइपाचा तुकडा लावा आणि मग एकच दणकट घाव घाला. खाली आधार नसेल तर तो घाव थेट छऱ्यांवर जातो आणि वाट्यांना खड्डे पडतात. सतराव्या वर्षी मी बाबांच्या सायकलीला असेच आधाराशिवाय दहा-बारा घाव घातले होते. पिन निघाली, पण त्या दिवसापासून सायकल करकरू लागली. बाबा काही बोलले नाहीत. स्वतःच्या पैशानं वाट्या घेऊन आले आणि शेजारी बसून मला बसवायला लावल्या.

निघालेली पिन फेकू नका, खिशात घालून दुकानात जा. मी एकतीस वर्षं लेथवर काढली, म्हणून मापाचा आग्रह धरतो. तुमच्या सायकलीला तीन सुताची पिन लागते, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची. ९ मिलिमीटरचीही बाजारात येते आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. बारीक पिन भोकात सहज जाते, दोन दिवस बरी चालते, मग क्रँकचं भोक खाऊ लागते. असा क्रँक पुन्हा दुरुस्त होत नाही.

नव्या पिनचा सपाट भाग एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकला पाहिजे. टेकत नसेल तर सपाट कानशीनं थोडा थोडा घासा आणि दर वेळी घालून पाहा. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं जातात, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत. बसवल्यावर घाव घालून मगच नट आवळा, नुसत्या नटानं पिन ओढून घेऊ नका. आठवडाभर चालवली की पुन्हा एकदा घाव आणि पुन्हा आवळणं.

पिन बदलूनही आवाज राहिला तर आत पाहावं लागेल. उजव्या वाटीला उलटे आटे असतात, हे विसरलात तर सोडवायच्या ऐवजी आवळत बसाल. छर्रे दोन सुताचे, एका बाजूला अकरा. दुकानदार जाळीत बसवलेले देईल. त्यात छर्रे कमी असतात, म्हणून मी नेहमी सुटे मागतो आणि ग्रीसमध्ये एकेक लावतो. खड्डे पडलेला एक्सल बदला. पण वाट्या गुळगुळीत असतील तर त्यांना हात लावू नका, आणि तुमच्या बाबतीत हे मी कळकळीनं सांगतो. इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेल्या रॅलेला इंचाला २६ आटे असतात, बाजारातल्या वाट्यांना २४. कारागीर जोर लावून ती फिरवतो, ती दोन फेरे जातेही, आणि फ्रेमचे आटे कायमचे जातात. तुमचे आजोबा ज्या फ्रेमवर मिलमध्ये गेले ती फ्रेम तीस-चाळीस रुपयांच्या वाटीपायी घालवू नका. मोठ्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी (रॅलेची खूण) कापलेली असतील तर तेही बदलायला कोणाला देऊ नका. त्याचे दात सहसा लवकर झिजत नाहीत, चेन वेळेवर बदलली तर.

कुठे जायचं? मी सुरुवात इतवारी-गांधीबागेच्या बाजूनं करतो, कारण घाऊक माल तिकडे उतरतो. पण खरा खजिना वस्तीतल्या त्या दुकानांत असतो जिथे पूर्वी तासावर सायकली भाड्यानं मिळायच्या. मालक साठी-सत्तरीचे असतात, मागच्या खोलीत डालड्याचे डबे असतात, आणि त्या डब्यांत काय आहे ते त्यांनाच ठाऊक. दुपारी जा, गर्दी नसताना. जुना पार्ट त्यांच्या हातात द्या आणि थांबा. मला एकदा पेडलच्या धूळटोप्यांची जोडी अशी मिळाली, आणि त्या गृहस्थांनी पैसेच घेतले नाहीत.

तिसरा मार्ग कबाडी. तिथे सुटा पार्ट मागू नका, मोडकी अख्खी सायकल वजनावर घ्या. एका मेलेल्या सायकलीतून मडगार्डचे दांडे, ब्रेकच्या सळया, हँडलचे नट, कॅरियर, स्टँड एवढं निघतं. सायकल कोणाची, कुठून आली, हे विचारा आणि पावती घ्या. उत्तर टाळलं तर तिथून निघा.


प्रश्न : मुलीची लेडीज सायकल २६ इंची आहे. दोन वेळा २६ चा टायर आणला, दोन्ही वेळा बसला नाही. दुकानदार परत घेत नाही. चूक कोणाची?
– एक शिक्षिका, नंदनवन

उत्तर : चूक तुमची नाही, ताई. '२६ इंच' हे माप एकच नाही. २६ × १ ३/८ हा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमला बसतो, २६ × १ १/२ हा ५८४ च्या आणि २६ × १.७५ हा ५५९ च्या. अपूर्णांकात लिहिलेला दीड आणि दशांशात लिहिलेला १.५० हेही वेगळे टायर आहेत, हे तर कितीतरी दुकानदारांनाही माहीत नसतं. म्हणून इंच सोडून द्या. जुन्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३७-५९० अशी जोडी कोरलेली असते, तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुसरा आकडा जुळवा. साध्या लेडीज सायकलीला बहुधा ५९० निघेल. मोठ्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस-दीडचा टायर ६३५ चा असतो आणि हल्लीच्या २८ इंची म्हणवणाऱ्या सायकलींचा ६२२ चा, म्हणजे तिथेही हीच फसगत.

स्वस्त टायर घ्या, पण जुना पडून राहिलेला नको. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर दोन बोटांत दाबून पाहा. कडेला केसाएवढ्या भेगा दिसल्या तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. शाळेच्या पटांगणात दिवसभर उभ्या असलेल्या सायकलीचं पंक्चरचं सोल्यूशन मऊ पडतं, ठिगळ सरकतं. सावली मिळत नसेल तर मुलीला निदान चाकांवर एक जुनं पोतं टाकायला सांगा. हवा सावकाश उतरत असेल तर ट्यूब बदलण्याआधी व्हॉल्व्हची रबरी नळी बदला. सायकलीत याहून स्वस्त वस्तू नाही.


प्रश्न : सळईच्या ब्रेकच्या सायकलीची मागची रिम गंजली आहे. दुकानदार ३६ भोकांची देतो, म्हणतो "चालून जाईल."
– एक वाचक, कामठी रोड

उत्तर : चालणार नाही. आपल्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) ४० भोकांचा, तर रिमही ४० चीच. शिवाय सळईच्या ब्रेकचे रबर रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूनं दाबतात, त्यामुळे तशीच घडण असलेली रिम हवी. "बत्तीस-चाळीसची जोडी" असं मागा. गंज फक्त वरवरचा असेल तर आधी घासलेट आणि पितळी जाळीनं घासून बघा. माझी स्वतःची मागची रिम तशीच घासून अजून चालते आहे.


प्रश्न : काकांकडून तीन गिअरची जुनी सायकल मिळाली, स्टर्मी-आर्चर हबची. दुसऱ्या गिअरमध्ये पायडल अचानक रिकामं फिरतं. हबचं सामान भारतात मिळेल का? हब किती जुना आहे?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : सामान शोधायच्या आधी केबल बघ. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक मोकळी जागा असते, केबल सैल झाली की पायडल तिथे पडतं. गिअर दुसऱ्यावर ठेव, पायडल थोडं मागे-पुढे कर. मग उजव्या नटाच्या खिडकीतून आत बघ. गिअरच्या केबलच्या छोट्या साखळीला जोडलेल्या बारीक दांड्याचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबरीत आला पाहिजे. तसा येईपर्यंत केबलचा चाकदार नट फिरव. रिकामं पडणाऱ्या गिअरवर उभं राहून पायडल मारू नकोस, तोंडावर आपटशील.

हबच्या अंगावर छोटी टोपी असेल, ती उघडून साधं इंजिन ऑइल चमचाभर सोड. ग्रीस नको, ते आतल्या खटक्यांना चिकटवून टाकतं. तेल घालताना हबचं कवच पुसून घे. त्यावर हबच्या मॉडेलची अक्षरं असतील, AW किंवा दुसरी, आणि शेजारी दोन आकडे कोरलेले दिसतील, बहुतेक जुन्या हबवर तेच बनवल्याचं वर्ष असतं. ते काय निघालं ते मला जरूर कळव.