हत्ती बागेत उतरतो: झटका मशीन, मिरची आणि दुकानदाराचा सल्ला

प्रश्न : सिंधुदुर्गातल्या तिलारीच्या जंगलालगत दीड एकर केळी-माडाची बाग आहे. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून विजेचा झटका सोडणारे यंत्र) महाग पडते. दुकानदार म्हणतो, रात्रीपुरती घरची लाइन तारेला द्या. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. घरच्या लाइनचा प्रवाह सलग वाहतो, स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. त्या तारेवर हत्तीच्या आधी पहाटे पाणी सोडायला निघालेला शेजारी सापडतो. शिवाय हत्ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, सल्ला देणारा दुकानात बसून राहील.

मशीन हजारो व्होल्ट देते, पण क्षणाच्या अंशापुरते, आणि दोन झटक्यांमध्ये साधारण सेकंदाची उसंत असते. जीव वाचतो तो त्या उसंतीमुळे. म्हणून ‘पॉवर कमी पडली तर दुसरी मशीन त्याच तारेवर जोडा’ हा सल्लाही धुडकावून लावा. दोघींचे झटके एकमेकांत मिसळले की उसंतच उरत नाही. एका तारेवर एकच मशीन, आणि घरची लाइन कधीच नाही.

प्रश्न : कुंपण घातले, तरी दोन महिन्यांत हत्ती आत शिरला. मशीन खराब आहे का?

उत्तर : मशीन बहुधा ठीक असते. बिघाड दोन ठिकाणी असतो. पहिला अर्थिंगमध्ये. आपल्याकडच्या जांभ्यात एक सळई ठोकून भागत नाही. दोन-दोन मीटरच्या तीन जस्ती सळया तीन मीटर अंतराने ठोका, एकमेकींना जोडा आणि मार्चपासून त्यांच्या बुडाशी पाणी ओता. जांभा सुकला की झटका मरतो. दुसरा बिघाड गवताचा. पावसाळ्यात आठ दिवसांत रान तारेला भिडते आणि झटका जमिनीत जिरतो. रोज संध्याकाळी मीटर लावायचा तो कुंपणाच्या शेवटच्या टोकाला. मशीनजवळचा आकडा नेहमी चांगलाच दिसतो, त्यावर जाऊ नका. टोकाला पाच हजार व्होल्टच्या खाली आकडा आला तर त्याच दिवशी रान काढा.

हत्तीही शिकतो. सुळ्याला झटका बसत नाही हे त्याला लवकर कळते, मग तो सुळ्याने तार तोडतो नाहीतर ओंडका टाकून ती झोपवतो. म्हणून माझा आग्रह लटकत्या तारांच्या कुंपणाचा. त्यात उंच खांबावरून आडवी तार नेतात आणि तिच्यातून पातळ तारा खाली सोडतात. त्या ढकलल्या तरी परत अंगावर येतात, आणि खांब हत्तीच्या सोंडेपासून लांब, आतल्या बाजूला राहतो. टोके गवताला टेकू देऊ नका. हे कुंपण एकट्याच्या बागेला घालू नका, हत्ती शेजाऱ्याकडे वळतो आणि भांडण तुमच्या दारात येते. वाडीने मिळून घाला, पण हत्तीची जुनी वाट मोकळी ठेवा.

प्रश्न : मिरचीचा धूर आणि सुतळी बॉम्ब किती वापरावेत?

उत्तर : शेणीत सुकी मिरची घालून धूर करायचा तो हत्ती यायच्या आधी, वारा बागेकडून जंगलाकडे वाहत असताना. मिरची दुप्पट घातल्याने परिणाम दुप्पट होत नाही, डोळे तुमचेच जातात. दोरीला लावलेली मिरची-ग्रीस पावसात धुऊन जाते, त्यामुळे जून ते सप्टेंबर तिच्यावर पैसे घालू नका. बॉम्ब रोज फोडलात तर हत्ती सरावतो. तो बागेत शिरल्यावर चारी बाजूंनी फोडलात तर बिथरतो, आणि एरवी पाच झाडे खाणारा पन्नास तुडवतो. जंगलाची बाजू कायम उघडी हवी. कानशिलातून मद गळत असेल, म्हणजे नर माजावर आला असेल, तर काहीच करू नका, घरात जा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा.

पिकलेला फणस झाडावर आणि गूळ-धान्य शेतातल्या खोपीत ठेवू नका. वास त्याला लांबून येतो.

प्रश्न : हत्ती पकडून राखीव क्षेत्रात का ठेवत नाहीत?

उत्तर : तिलारी संवर्धन राखीव २०२० मध्ये झाले, २९.५३ चौरस किलोमीटरचे. हत्तीला एवढे पुरत नाही. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातल्याच माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडले, तरी २००२ पासून कर्नाटकातून सुरू झालेली ये-जा थांबली नाही.

भरपाईचा अर्ज तीन दिवसांत वनरक्षकाकडे द्या, सोबत सातबारा आणि फोटो जोडा. पंचनामा होईपर्यंत मोडलेली झाडे हलवू नका. बाग साफ केल्यावर मोजायला काहीच उरत नाही.