दाबला तरी चिखल तो चिखलच, मग दगड होतो कसा?

प्रश्न: शाळेत शिकलो की गाळ साचतो, त्यावर दाब पडतो आणि स्तरित खडक तयार होतो. पण चिखल कितीही दाबला तरी दगड काही होत नाही, मग नेमकं घडतं काय? आणि थर दिसले की तो स्तरित खडक, असं डोळे झाकून म्हणायचं का?

उत्तर: शंका अगदी रास्त आहे, कारण पुस्तकात हा भाग एका ओळीत उरकतात आणि अर्धी गोष्ट राहूनच जाते. नुसत्या दाबाने भागत नाही, वाळूचं तर अजिबातच नाही. वरच्या गाळाच्या वजनाने कण जवळ सरकतात, मधलं पाणी पिळून निघतं, चिकणमातीतून तर भरपूर निघतं, म्हणून ती चांगलीच चेपते आणि पुढे तिचा पापुद्रे सुटणारा शेल नावाचा खडक होतो. वाळूचे कण मात्र कडक, ते दबून दबून किती दबणार, मध्ये फटी राहतातच. या फटींतून जमिनीतलं पाणी हजारो-लाखो वर्षं झिरपत राहतं आणि त्यात विरघळलेली सिलिका (गारेतला पदार्थ), कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) किंवा लोहाची ऑक्साइडं हळूहळू तिथेच बसत जातात. सिमेंटच म्हणा ना! सिलिकेचं सिमेंट असेल तर वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडक, टणक, कॅल्साइटचं असेल तर ॲसिडचा थेंब पडताच फसफसतो, लोहाचं असेल तर लालसर दिसतो. भट्टीची गरजच नाही, उलट तापमान साधारण २०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की रूपांतरित, म्हणजे उष्णता-दाबाने रूप बदललेल्या खडकांची हद्द सुरू होते.

बरं, सगळेच स्तरित खडक काही वाहून आलेल्या गाळाचे नसतात. बरीचशी चुनखडी शंख-शिंपले आणि प्रवाळांची, दगडी कोळसा गाडल्या गेलेल्या झाडाझुडपांचा, आणि खारं पाणी आटलं की मागे राहतात ते मिठाचे नि जिप्समचे थर. एव्हरेस्टच्या माथ्यावरही चुनखडीच आहे, समुद्री जीवांच्या अवशेषांसकट, म्हणजे जगातला सगळ्यात उंच दगड कधीकाळी समुद्राचा तळ होता, मला तरी हे दर वेळी नवीनच वाटतं.

आता थरांचं. खालचा थर जुना, वरचा नवा, हे डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच सांगितलं (थर उलटेपालटे झाले नसतील तर). पण थर म्हणजे स्तरित खडकच असं नाही हं, एकावर एक लाव्हा पसरला तरी लांबून थरच दिसतात आणि नाईस या रूपांतरित खडकातही पट्टे असतात. म्हणून भिंग घेऊन कण बघा. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, वालुकाश्मात मात्र कण सुटे सुटे चिकटवल्यासारखे दिसतात. त्यातले जाडे खडे गोल गुळगुळीत असतील तर बराच प्रवास करून घासले गेलेत, कोपरे धारदार असतील तर जवळूनच आलेत. जीवाश्म, लाटांच्या वळ्या, वाळलेल्या चिखलाच्या भेगा यातलं काही सापडलं तर बहुतेक प्रश्नच मिटला.

आणि वालुकाश्म हाती लागलाच तर कोरड्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा, पटकन मुरला तर समजा सिमेंटने फटी अजून पुरत्या भरलेल्या नाहीत.