‘डॉक्टरांना विचारलं आणि ते चिडले तर?’

गरोदर बायका माझ्याकडे येतात त्या बहुतेक रक्त कमी किंवा झोप नाही म्हणून. उठता उठता मात्र खरा प्रश्न बाहेर येतो: ‘सिझर का करायचं, हे डॉक्टरांना विचारलं आणि ते चिडले तर? ऐनवेळी त्यांनीच हात वर केले तर?’ परभणीत बसून हा प्रश्न मी सतत ऐकते. संगीताची (नाव बदललं आहे) गोष्ट त्यासाठीच सांगते.

गंगाखेडकडची. दुसरी खेप, सातवा महिना, सोबत सासू, म्हणजे तिच्या आत्याबाई. थोरलं लेकरू अडीच वर्षांचं, खासगी दवाखान्यात सिझर होऊन झालेलं. ‘याही खेपेला पोटच फाडतील का?’ एवढंच ती विचारत होती. बोलता बोलता ती रात्र निघाली. आत कुणाला सोडलं नाही. ती एकटीच टेबलावर. सिस्टर म्हणाली, ‘कळा देता येत नाहीत तर लेकरू काहून केलं?’ बाहेर नवऱ्याची कोऱ्या फॉर्मवर सही घेतली. (शुद्धीत असलेल्या सज्ञान बाईच्या ऑपरेशनची संमती तिचीच लागते, पण आपल्याकडे पेन आधी नवऱ्याच्या हातात जातो.) आणि घरी आल्यापासून आत्याबाईंचं एकच पालुपद, ‘आम्ही रानात बाळंत झालो, हिला कळा सोसल्या नाहीत.’

मी डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर ‘सिझर’ आणि गोळ्यांची नावं. कारण कुठंच नाही. मग नवऱ्याला जुन्या दवाखान्यात लेखी अर्ज घेऊन पाठवलं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी कागदपत्रं तीन वर्षं जपायची असतात आणि रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत द्यायची असतात. आधी ‘साहेब नाहीत’ झालं. अर्जावर पोच मागितल्यावर झेरॉक्स मिळाली.

ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती वाचून दाखवली. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं, तेवढ्यात बाळानं पोटातच शी केली आणि त्याच्या हृदयाचे ठोके कमी होऊ लागले, म्हणून घाईनं सिझर. कळा देण्या-न देण्याचा काही संबंधच नव्हता. संगीता खाली बघत राहिली. आत्याबाई डॉक्टरांवरच उखडल्या, ‘मंग हे तवाच सांगाया काय झालतं?’

मलाही तेच म्हणायचं आहे. सिझर चुकीचं नव्हतं, बहुधा त्यानंच लेकरू वाचलं. पण दोन वाक्यांत कारण सांगितलं असतं तर या बाईनं अडीच वर्षं टोमणे खाल्ले नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात खासगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली आहेत, सरकारीत 14.3 टक्के. लोकांच्या मनात शंका येणारच. पण तुमचं सिझर गरजेचं होतं की नव्हतं, हे टक्क्यावरून कळत नाही. ते तुमच्या कागदावरून कळतं.

त्या कागदानं आणखी एक काम झालं. छेद पिशवीच्या खालच्या भागात आडवा होता आणि मागचं कारण पुन्हा येईलच असं नव्हतं. अशा बायकांनी नॉर्मलचा प्रयत्न केला तर शंभरातल्या साधारण सत्तर-पंचाहत्तर जणींचं नॉर्मल होतं. मात्र जुना व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एकीला असतो. म्हणून ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास असेल तिथंच हे करायचं. तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात हट्ट धरायचा नाही, हे मी दोघींना बजावलं.

मग रंगीत तालीम. आत्याबाई झाल्या डॉक्टर. खुर्चीत रेलून त्यांनी असा काही आवाज लावला की संगीताला हसू आवरेना. ‘काय गं, डॉक्टर तू का मी?’ संगीता पहिल्यांदा गप्प. दुसऱ्यांदा म्हणाली, ‘तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला विचारायलेय.’ हे वाक्य मी आता सगळ्यांना देते. त्याच्या मागोमाग विचारायचं, कारण काय, थोडं थांबलं तर काय होईल, दुसरा मार्ग आहे का. हे आठव्या महिन्याच्या तपासणीत विचारायचं. बाळाचे ठोके कमी होत असताना चर्चेला वेळ नसतो आणि तेव्हा डॉक्टर चिडले तर त्यांचं चूक नाही.

वहीच्या पानावर तिनं चार ओळी लिहून नेल्या: आत्याबाई सोबत हव्यात, कळा येताना चालू-फिरू द्या, खाली छेद घेण्याआधी सांगा, बाळ लगेच छातीवर द्या. यातलं काहीच जगावेगळं नाही. सरकारी दवाखान्यात सोबतीणीला केंद्रानं 2016 मध्येच मान्यता दिली आहे, तिनं स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं एवढंच. 

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात तिचं नॉर्मल बाळंतपण झालं. मुलगी. टाके पडले, पण सांगून पडले. आत्याबाई कंबर चोळत शेवटपर्यंत उभ्या होत्या.

पुढचं मात्र नेहमीचंच. वॉर्डातल्या एका बाईनं ‘पोरीचे पाचशे’ मागितले. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी, सगळं मोफत आहे. ‘भिंतीवर लिवलंय की फुकट म्हणून,’ असं म्हणून आत्याबाईंनी पैसे दिले नाहीत.

तक्रार कुठं करायची, हे विचारायला त्या एकट्याच आल्या. खासगीत पैसे मोजले असतील तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच ते स्पष्ट केलं आहे. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे संगीताच्या जुन्या प्रकरणाला उशीर झाला होता. जिथं सगळ्यांवर मोफत उपचार होतात ते दवाखाने त्या कायद्यात बसत नाहीत. तिथं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. अर्ज दिला आहे, उत्तर अजून नाही. स्मरणपत्र लिहायचं आहे. मजकूर आत्याबाई सांगणार आहेत, मी फक्त उतरवून घेणार.