लेहच्या वाटेवर पेट्रोलचा हिशेब कसा ठेवावा?

आपण विचारले आहे, की पुण्याहून १३ लिटर टाकीच्या जुन्या ३५० सीसी मोटारसायकलीवर मनालीमार्गे लेहला जाताना पेट्रोल मिळेल का, वेगळा कॅन न्यावा का आणि खराब पेट्रोलामुळे गाडी बंद पडण्याची भीती किती आहे. अशाच जुन्या, कार्ब्युरेटरच्या (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाच्या) गाडीवर मी हा रस्ता केला आहे, त्यामुळे अनुभवावरून सांगतो.

पुणे ते मनालीपर्यंत पेट्रोलची चिंता करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न मनालीपुढे, चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावरच्या तांडीपासून सुरू होतो. तेथील पंपावर पुढचा पंप ३६५ किमीवर असल्याची पाटी वर्षानुवर्षे आहे. हे अंतर साधारण लेहपर्यंतचे आहे आणि लेहच्या सुमारे ३५ किमी अलीकडे कारूला पंप लागतो. तरीही हिशेब ३६५ चाच धरावा. मध्ये कुठे नवा पंप झाल्याचे कोणी सांगितले, तर ऐकून घ्यावे, पण त्याच्या भरवशावर तांडीहून अर्धी टाकी घेऊन निघू नये.

आता आकडे पाहा. सपाटीवर ३५ चे अॅव्हरेज देणारी गाडी सामान, चढ आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली चाल यांमुळे २८ वर आली, तर ३६५ किमीला १३ लिटर लागतात, म्हणजे आपली टाकी नेमकी कोरडी होते. शिवाय तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने पेट्रोल मोजून सोडणारी गाडी हा दाब ओळखून पेट्रोल कमी सोडते. कार्ब्युरेटरला मात्र ते पुरेसे जमत नाही, हवा विरळ झाली तरी पेट्रोल जवळपास तेवढेच येत राहते, इंजिन गुदमरते आणि खपही वाढतो. त्यातच वाटेतली बारालाचा ला ही खिंड बर्फामुळे बंद झाली आणि अलीकडच्या जिस्पा गावापर्यंत परत यावे लागले, तर तेवढे अंतर वाढते. म्हणून ५ लिटरचा कॅन अवश्य न्यावा. त्याने सुमारे १४० किमीची सोय होते.

कॅन धातूचा आणि घट्ट झाकणाचा असावा. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देण्यास नकार मिळतो आणि तो योग्यच आहे. कॅन काठोकाठ भरू नये, कारण उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, उन्हात वाफ वाढते आणि झाकण उघडताना पेट्रोल उसळते. तो सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधावा. वाटेतल्या पांग या थांब्यापर्यंत टाकीत ५ लिटरची जागा झालेली असते. तेथे इंजिन थंड होऊ द्यावे, झाकण सावकाश सैल करून वाफ जाऊ द्यावी आणि कॅन टाकीत रिकामा करावा. त्यानंतर पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूजवळ बसल्याची धास्ती उरत नाही.

गुणवत्तेबद्दल बोलायचे, तर मला भेसळीपेक्षा पाण्याची भीती अधिक वाटते. रात्रभर पाऊस झाल्यावर डोंगरातल्या एका पंपावर मी सकाळी टाकी भरली आणि चार-पाच किमीवर गाडी आचके देऊ लागली. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले, तेव्हा तळाशी वेगळा थर दिसला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन खाली बसतात. इंजिनाला पेट्रोल टाकीच्या तळाकडून जाते, त्यामुळे तो थर आधी इंजिनात पोहोचतो. मी दोनदा कार्ब्युरेटर रिकामा केला आणि नंतर टाकीतला तळाचा अंदाजे एक लिटर काढून टाकला, तेव्हा गाडी सुरळीत झाली. इंजेक्शनच्या गाडीत हे रस्त्यावर करणे फार कठीण आहे.

म्हणून मुसळधार पावसानंतर, किंवा पंपावर टँकर रिकामा होत असताना, टाकी भरणे शक्यतो टाळावे, कारण टँकर रिकामा होताना जमिनीखालच्या टाकीतला गाळ ढवळला जातो. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागावा. तो ठेवणे पंपचालकावर बंधनकारक आहे. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. वाटेतल्या तंबूंत किंवा दुकानांत बाटलीतले पेट्रोल मिळू शकते, पण त्यात रॉकेल किंवा पाणी आहे का हे कळत नाही; तसा प्रसंग आलाच तर बाटली काही मिनिटे स्थिर ठेवून तळ पाहावा आणि बारीक जाळीतूनच ओतावे.

महागड्या, जास्त ऑक्टेनच्या (म्हणजे इंजिनातल्या दाबाखाली अकाली पेट न घेणाऱ्या) पेट्रोलवर पैसे घालवू नका. विरळ हवेत इंजिनातला दाब कमी राहतो, त्यामुळे ऑक्टेनची गरज उलट घटते. मात्र आपली गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असल्याने तिचे रबर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेले नसावे, म्हणून तिच्या रबरी नळ्या आणि वॉशर निघण्यापूर्वी बदलून घ्या आणि जुन्या नळीचा एक तुकडा सोबत ठेवू नका, नवीच ठेवा.

परतताना स्पितीत जाऊन पुन्हा मनालीला येणार असाल, तर तिथल्या काझाला टाकी पूर्ण भरा. तेथून कुंझुम खिंडीमार्गे मनालीपर्यंतच्या सुमारे २०० किमीत पंपावर विसंबता येत नाही. या सगळ्या पट्ट्यात मोबाइलने पैसे देणे अनेकदा चालत नाही, म्हणून पेट्रोलचे पैसे रोख आणि वेगळ्या खिशात ठेवा.