टीव्हीची वायर लावल्यापासून माझ्या दृष्टिहीन भावाच्या लॅपटॉपमधला एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, बोलत नाही, काय करावं?

जळगावला एकट्या राहणाऱ्या तुमच्या दृष्टिहीन भावाला आधी टीव्हीची ती एचडीएमआय वायर काढायला सांगा. बहुतेकदा आवाज बंद झालेला नसतो, टीव्हीकडे गेलेला असतो. तरी गप्पच? मग विंडोज, कंट्रोल, एंटर एकत्र दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजमधलाच वाचून दाखवणारा प्रोग्राम, सुरू करा. तो बोलला तर स्पीकर ठीक आहे, दोष एनव्हीडीएत. चुकून इन्सर्ट-एस दाबलं गेलं की बोलणं थांबतं, कधी नुसते बीप येतात. बोलणं परत येईपर्यंत तेच थांबून थांबून पुन्हा दाबत राहा. नाहीतर कंट्रोल-ऑल्ट-एनने एनव्हीडीए नव्याने सुरू होतो, तो शॉर्टकट ठेवला असेल तर.

मी धुळ्यात दृष्टिहीन मुलांना संगणक शिकवते. प्रत्येकाला यूएसबी हेडफोन जवळ ठेवायला लावते. त्याचं साउंड कार्ड वेगळं असतं, त्यामुळे लॅपटॉपचा ड्रायव्हर बिघडला तरी दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहावी लागत नाही.