वन्यजीवांचे कायदेशीर संरक्षण सैल केले जात असेल, तर बेळगाव भागातील सामान्य माणूस त्याला विरोध कसा करू शकतो?

आपण विचारले आहे की, दुर्मीळ प्राण्यांना कायद्याने दिलेले संरक्षण हळूहळू कमी होत असल्याचे ऐकू येते, तेव्हा आपल्यासारख्यांनी नेमके काय करावे, आणि अशा विरोधातून कधी काही निष्पन्न झाले आहे का. मी खानापूर तालुक्यातील जांबोटीकडचा शेतकरी आहे. माझ्या रताळ्यांत रानडुकरे शिरतात, भात पोसवले की गवे येतात, आणि माळ्यावर बसून राखणीत काढलेल्या रात्रींचा हिशेब मी कधीच ठेवलेला नाही. तरीही मी हे कायदे सैल करण्याच्या विरोधात आहे, आणि गेली काही वर्षे हरकती लिहीत आलो आहे.

सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की असा कायदा कोणी उघडपणे रद्द करीत नाही. बदल होतो तो व्याख्येत, सवलतीत किंवा परिशिष्टात, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या यादीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यामुळे सहा परिशिष्टांची चार झाली आणि उपद्रवी, म्हणजे ज्यांना मारायला मोकळीक होती अशा प्राण्यांचे वेगळे परिशिष्ट गेले. हे ऐकायला चांगले वाटते. पण कलम 62 कायम आहे, आणि त्याखाली केंद्र सरकार दुसऱ्या परिशिष्टातील कोणताही प्राणी ठरावीक क्षेत्रापुरता व ठरावीक काळापुरता उपद्रवी जाहीर करू शकते. म्हणजे एखादे नाव पहिल्या परिशिष्टात आहे की दुसऱ्यात, यावर त्या प्राण्याचे बरेच काही अवलंबून राहते.

याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. भीमगडच्या रानातील बारापेडे गुहेत रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट या नावाने ओळखले जाणारे वटवाघूळ राहते. शास्त्राने त्याची नोंद 1913 मध्ये केली, आणि त्यानंतर कित्येक दशके त्याची जगातील एकमेव ज्ञात वस्ती हीच मानली जात होती. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. जुन्या कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर आणि कावळे यांच्याबरोबर उपद्रवी यादीत होती, तर बारापेडेचे हे वटवाघूळ पहिल्या परिशिष्टात होते. आपण दोघांनाही वटवाघूळच म्हणतो, पण कायद्याच्या लेखी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. शिवाय प्राण्याला मारण्याची बंदी असून भागत नाही, त्याची गुहा आणि भोवतालचे रानही टिकावे लागते. ते काम 2011 मध्ये जाहीर झालेले भीमगड अभयारण्य करते. अभयारण्याची हद्द राज्य सरकारला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय बदलता येत नाही. कलम 26अ मधील ही अट शिथिल करण्याचा प्रस्ताव कधी आलाच, तर सर्वांत आधी हरकत तिथे घ्यावी लागेल.

विरोधाने काही होते का, याचे उत्तर मी दोन प्रसंगांवरून देतो. प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी त्याचे परिणाम तपासण्याच्या, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नियमांच्या 2020 च्या मसुद्यावर टाळेबंदीच्या काळात हरकती मागविण्यात आल्या, आणि मसुदा होता इंग्रजी व हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि तो मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. सीमाभागातील मराठी माणसाला, ज्याच्या हाती सरकारी कागद त्याच्या भाषेत क्वचितच पडतो, या आदेशाचे मोल वेगळे सांगायला नको. दुसरा प्रसंग लोंढ्यापुढच्या रेल्वेमार्गाचा. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2022 रोजी रद्द केली आणि आधी परिणामांचा तपशीलवार अभ्यास करून नव्याने प्रस्ताव आणण्यास सांगितले. त्यामागे गोव्यातील नागरिकांची चिकाटी होती. आपल्या बाजूने, खरे सांगायचे तर, फारसे कोणी पुढे आले नव्हते.

2023 मधील वनसंवर्धन कायद्याच्या दुरुस्तीचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. सरकारी नोंदीत वन म्हणून न आलेली दाट झाडी तिच्यामुळे कायद्याबाहेर जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातील 1996 च्या निकालाने ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला होता, आणि त्याच न्यायालयाच्या 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने तूर्तास तोच अर्थ चालू ठेवला आहे. म्हणून आपल्या गावची देवराई किंवा मालकीच्या उताऱ्यावरील जुने रान सरकारी नोंदीत कशा स्वरूपात आहे, हे तहसीलदार कार्यालयात जाऊन आताच पाहून ठेवावे.

हरकत लिहिताना ‘निसर्ग वाचवा’ एवढ्यावर थांबू नये, कारण अशा पत्रांचा गठ्ठा एका ओळीत निकाली काढता येतो. मसुद्यातील कलमाचा क्रमांक द्यावा, त्यातील कोणता शब्द नको आणि त्याऐवजी कोणता हवा हे लिहावे, आणि गावातील प्रत्यक्ष माहिती जोडावी: गवे कोणत्या ओढ्यावर उतरतात, अस्वल कोणत्या महिन्यात दिसते, कोणत्या वाटेने जनावरे रस्ता ओलांडतात. मसुदा राजपत्रात आल्यापासून हरकतींसाठी बहुधा साठ दिवस मिळतात, आणि त्यातील निम्मे बातमी गावात पोहोचेपर्यंतच संपतात.

पिकाच्या नुकसानीबद्दल गप्प बसू नये. कायदा सैल करण्यासाठी शेतकऱ्याचेच नाव पुढे केले जाते; म्हणून शेतकऱ्यानेच लिहावे की मला भरपाई वेळेवर आणि पुरेशी हवी आहे, कुंपणाला मदत हवी आहे, पण त्याबदल्यात परिशिष्टातील नावे खाली सरकवू नका. माझ्या पत्रातील हा परिच्छेद सर्वांत लांब असतो.

राहिला भाषेचा प्रश्न. माझी एक मराठी हरकत एका कार्यालयाने न वाचताच परत केली होती. तेव्हापासून मी मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडतो आणि दोन्हींवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलत नाही. आपल्याला कन्नड लिहिता येत नसेल, तर शाळेतील एखाद्या शिक्षकांना विनंती करावी. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.